बाळाला पाजायचा ब्रेक जेवणाच्या सुट्टीतच धरायचा का?

बाळंतपणाच्या रजेवरून कामावर परतलेल्या बायका हा प्रश्न आमच्या केंद्रात नेहमी घेऊन येतात, आणि त्यामागे खरी भीती असते की ब्रेक मागितला तर नोकरी जाईल. 2022 मधली एक केस सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

नाशिकच्या एका मोठ्या साडीच्या दुकानात ती काउंटरला होती, स्टाफ पंधरा-वीस जणांचा. रजा 26 आठवड्यांची मिळाली पण त्यातले आठ आठवडे डिलिव्हरीच्या आधीच गेले, त्यामुळे परत कामावर आली तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचं. दुपारी जेवायला अर्धा तास, त्यातच सासूबाई रिक्षाने बाळाला घेऊन मागच्या गल्लीत यायच्या, मग डबा खायचा की बाळाला पाजायचं, ती डबा तसाच घरी न्यायची. संध्याकाळपर्यंत छाती दगडासारखी घट्ट, ब्लाउज ओला दिसू नये म्हणून आत रुमालाची घडी, आणि बाथरूममध्ये उभ्या उभ्या दूध पिळून बेसिनमध्ये सोडून द्यायचं. एकदा तर तापच भरला. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीतून वीस मिनिटं उशिरा आली तर मॅनेजरने रजिस्टरला हाफ डे मारला. घरचे म्हणायला लागले, वरचं दूध चालू कर नाहीतर नोकरी सोड.

मला म्हणाली, "ताई, मी जरा जास्तच मागतेय का?"

अजिबात नाही. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याचं कलम 11 मी तिला वाचायलाच दिलं. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन ब्रेक पाजण्यासाठी, आणि ते नेहमीच्या विश्रांतीच्या वेळेव्यतिरिक्त, म्हणजे जेवणाचा अर्धा तास वेगळाच. कलम 13 प्रमाणे या ब्रेकसाठी पगार कापता येत नाही. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या दुकानांना हे लागू होतं. कायदा साठ वर्षं जुना आणि तिच्या दुकानात कुणालाच माहीत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

भांडायचं नाही असं ठरवलं. एका पानाचा अर्ज, शेठना उद्देशून, दोन्ही कलमं, साडेअकरा आणि साडेचार अशा वेळा आणि कापलेल्या हाफ डेचा उल्लेख. दोन प्रती, एकीवर पोच. मॅनेजर म्हणाला उद्या सगळ्याच मागतील, पण शेठनी आपल्या अकाउंटंटला विचारलं आणि तो म्हणाला बाई बरोबर सांगतेय. ब्रेक मिळाले, ट्रायल रूममध्ये एक खुर्ची टाकली, हाफ डेचे पैसे पुढच्या पगारात आले. काउंटरवरच्या बाकीच्यांची कुरकुर मात्र बरेच दिवस चालली, तिलाही अपराधी वाटायचं, त्यासाठी ती नंतरही माझ्याकडे येत राहिली आणि खरं तर आमचं जास्त बोलणं त्यावरच झालं.

नोव्हेंबर 2025 पासून हीच तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम 66 मध्ये आलीय, दोन ब्रेक आणि 15 महिने तसेच आहेत. नोकरीला धक्का लागणारच नाही अशी हमी मी कुणाला देत नाही, पण लेखी अर्ज केलेला असला की पुढे त्रास झाला तर कामगार उपायुक्त कार्यालयात दाखवायला हातात काहीतरी असतं. पोच द्यायला नकार दिला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.