शिफारशींवर 'कारवाई' की 'कार्यवाही'?

प्रश्न असा आला आहे: 'लोकलेखा समितीच्या शिफारशींवर कारवाई शून्य' असा मथळा वाचला. सरकारी कागदांत मात्र अशा जागी 'कार्यवाही' दिसतं. ही एकाच शब्दाची दोन रूपं, की अर्थच वेगळे?

'कारवाई' फारसी घराण्यातली. त्यातलं 'कार' म्हणजे काम, आणि पुढचा भाग 'रवाना'च्या नात्यातला, म्हणजे चालतं करणं. 'कार्यवाही'चा घाट संस्कृत, पण ऐकायला जवळजवळ तीच. मराठीने मात्र दोघींत वाटणी करून टाकली. कारवाई माणसावर होते, कार्यवाही कागदावर. हेल्मेट नसलेल्या चालकावर पोलीस कारवाई करतात आणि तहसीलदार अर्जावर कार्यवाही करतात. 'तुमच्या अर्जावर कारवाई केली' असं कुणी म्हणालं, तर बिचाऱ्या अर्जाने काय गुन्हा केला, असं मनात येतं.

चौकशीच्या बाबतीत दोन्ही शब्द एकाच फायलीत भेटतात. विभागीय चौकशीची 'कार्यवाही' वर्षभर चालते आणि शेवटी झालीच तर शिस्तभंगाची 'कारवाई' होते. हिंदीत 'सदन की कार्यवाही' म्हणतात, पण आपण विधानसभेचं 'कामकाज' तहकूब करतो. हिंदी बातमी समोर ठेवून घाईत मराठी मथळा केला की इथेच पाय घसरतो.

आता लोकलेखा समितीकडे, म्हणजे सरकारी खर्चाचे हिशेब तपासणाऱ्या खासदारांच्या किंवा आमदारांच्या समितीकडे. महालेखापरीक्षकांचा ('कॅग'चा) अहवाल संविधानाच्या अनुच्छेद 151 प्रमाणे संसदेपुढे किंवा विधिमंडळापुढे ठेवला जातो. समिती त्यातले काही परिच्छेद (कचेरीत त्यांना 'पॅरे'च म्हणतात) तपासायला घेते, सचिवांना साक्षीला बोलावते आणि शिफारशी करते. संसदेच्या समितीने अहवाल दिला की त्यावर काय केलं हे सरकारने सहा महिन्यांत कळवायचं असतं. त्या उत्तराला 'ॲक्शन टेकन नोट' किंवा नुसतं 'एटीएन' म्हणतात. मराठीत सरळ 'केलेल्या कार्यवाहीची टिप्पणी'.

उत्तरं आली की समिती आणखी एक अहवाल काढते आणि आपल्या शिफारशी वेगवेगळ्या प्रकरणांत लावते. सरकारने मान्य केलेल्या एका प्रकरणात, सरकारचं उत्तर पाहून समितीने नाद सोडलेल्या दुसऱ्यात. उत्तर पटलं नाही म्हणून पुन्हा ठासून मांडलेल्या वेगळ्या, आणि नुसत्या अंतरिम उत्तरावर लटकलेल्या सगळ्यांत शेवटी. म्हणजे 'ही शिफारस आम्हांला मान्य नाही' असं सकारण कळवणं हीसुद्धा कार्यवाहीच! हा शब्द काम झाल्याची हमी देत नाही. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, एवढंच तो सांगतो. सरकारी मराठीत तो इतका लाडका का, हे मग वेगळं सांगायला नको.

काम खरंच झालं का, हे विचारायचं तर 'अंमलबजावणी' किंवा 'पूर्तता' म्हणावं. 'अनुपालन' परिपत्रकांत फार दिसतं. चूक नाही, पण मला ते कोरडं वाटतं. त्यापेक्षा सहकार खात्याचा शब्द मला आवडतो: 'दोषदुरुस्ती अहवाल'. लेखापरीक्षकाने सोसायटीच्या हिशेबात दोष दाखवले की कमिटीने नमुना 'ओ' भरून हा अहवाल द्यायचा. नावातच 'दुरुस्ती' असल्यामुळे झाली की नाही, हे कुणीही विचारू शकतं. तरी पळवाट निघतेच. आमच्या सोसायटीत सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी राखून ठेवायचा पैसा) वेगळ्या ठेवीत नाही, या दोषापुढे आम्ही 'नोंद घेतली, कार्यवाही चालू आहे' असं लिहून दिलं. पुढच्या वर्षी तोच दोष, त्याच क्रमांकावर. आम्हीही तेच वाक्य उतरवून काढलं.

तर तो मथळा. शिफारशी तशाच पडून असतील तर 'शिफारशींची अंमलबजावणी शून्य' हवं. खात्याने उत्तरच पाठवलं नसेल तर 'कार्यवाही नाही' चालेल. पण समितीने जबाबदार अधिकारी शोधून त्यांना शिक्षा करा असं सांगितलं असेल आणि कुणाच्या केसालाही धक्का लागला नसेल, तर 'कारवाई शून्य' बरोबर. फक्त ती 'शिफारशींवर' नव्हे, 'अधिकाऱ्यांवर' लिहावी.