'बहुमत', 'बहुसंख्य' आणि 'अल्पसंख्याक': प्रोसिडिंगमध्ये काय लिहावे?

शहादा तालुक्यातून आलेली विचारणा अशी: ग्रामसभेच्या प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, एका ठरावाखाली 'बहुसंख्य मतांनी मंजूर' असे लिहिले गेले. एका पाड्यातल्या लोकांनी हरकत घेतली की 'आम्ही अल्पसंख्यांक, म्हणून आमचे म्हणणे नोंदलेच नाही.' हे दोन्ही शब्दप्रयोग बरोबर आहेत का? आणि बहुमत झाले की थोड्यांच्या हिताचा प्रश्न मिटतो का?

'बहुसंख्य मतांनी' चुकीचे आहे. 'बहुसंख्य' हे लोकांचे विशेषण आहे: बहुसंख्य शेतकरी, बहुसंख्य घरे. 'बहुमत' हा एका विषयावर, एका सभेत, मते मोजून निघालेला निकाल आहे. गावात बहुसंख्य असलेला समाज एखाद्या ठरावावर अल्पमतात जाऊ शकतो, आणि चार वेगवेगळ्या समाजांची माणसे मिळून बहुमत होऊ शकते. म्हणून ठरावाखाली 'बहुमताने मंजूर' एवढेच लिहावे. 'बहुमतांनी' हे अनेकवचनही नको, कारण बहुमत एकच असते, मते अनेक.

पण नुसते 'बहुमताने' लिहूनही काम पुरे होत नाही. बहुमत कशाचे, म्हणजे कोणत्या एकूण संख्येपैकी, हा छेद सांगावा लागतो आणि सगळी भांडणे तिथेच होतात. ११ सदस्यांची ग्रामपंचायत घ्या. सभेला ९ हजर, २ तटस्थ, बाकीच्यांत ४ बाजूने आणि ३ विरोधात. 'हजर राहून मतदान करणारे' हा छेद धरला तर ७ पैकी ४, ठराव मंजूर. 'हजर सदस्य' धरले तर ९ पैकी ५ हवेत, नामंजूर. 'एकूण सदस्य' धरले तर ११ पैकी ६ हवेत, तरीही नामंजूर. मते तीच असून निकाल उलटा होतो. संसदेतले नेहमीचे निर्णय अनुच्छेद १०० प्रमाणे पहिल्या छेदाने होतात. राष्ट्रपतींवरील महाभियोगाला सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे दोन तृतीयांश लागतात. घटनादुरुस्तीला, अनुच्छेद ३६८ प्रमाणे, दोन्ही कसोट्या एकदम: एकूण सदस्यांचे साधे बहुमत, शिवाय हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश. ग्रामपंचायतीतल्या अविश्वास ठरावाला 'त्या वेळी बसण्याचा व मत देण्याचा हक्क असलेले एकूण सदस्य' असा छेद आहे. म्हणजे गैरहजर आणि तटस्थ माणूस तिथे ठरावाच्या विरोधातच मोजला जातो. तटस्थ राहणाऱ्याला हे आधी सांगितलेले बरे.

अपूर्णांकातही चूक होते. 'किमान दोन तृतीयांश' असेल तिथे अपूर्णांक नेहमी वर न्यायचा. ११ चे दोन तृतीयांश ७.३३, म्हणून ८ मते लागतात; .३३ लहान म्हणून ७ वर थांबले तर ठराव पडला. १७ चे ११.३३, म्हणून १२. आणि साध्या बहुमतासाठी 'निम्मे अधिक एक' ही जी व्याख्या सर्रास सांगितली जाते, ती विषम संख्येला लागू पडत नाही: ११ चे निम्मे साडेपाच, त्यात एक मिळवला तर साडेसहा, म्हणजे ७ मते मागितली जातात. प्रत्यक्षात ६ पुरतात. 'निम्म्याहून अधिक' हेच नेमके. कोरम, म्हणजे गणपूर्ती, ही वेगळी गोष्ट. ती सभा चालायला लागणारी किमान हजेरी आहे, ठरावाचा पाठिंबा नव्हे.

'अमुक उमेदवार ४० मतांच्या बहुमताने विजयी' असेही छापून येते. तिथे 'मताधिक्याने' हवे. वॉर्डात १००० मते पडली आणि ती ३८०, ३४० व २८० अशी विभागली, तर पहिल्याला ४० चे मताधिक्य आहे, बहुमत नाही. ६२० मतदारांनी दुसऱ्या कुणाला तरी पसंती दिली आहे. आपली निवडणूक पद्धत सर्वाधिक मते मिळवणाऱ्याला निवडते, बहुमत मागत नाही. हा फरक शब्दांत पुसला की निकालाला नसलेले वजन येते.

आता 'अल्पसंख्यांक'. हे रूप टाळावे. ज्याची संख्या अल्प तो 'अल्पसंख्य'. हा बहुव्रीही समास आहे. त्याला संस्कृत नियमाने विकल्पाने 'क' लागतो आणि त्याच्या आधीचा आकार ठेवला तर 'अल्पसंख्याक', ऱ्हस्व केला तर 'अल्पसंख्यक' होते. मराठीने पहिले घेतले, हिंदीने दुसरे. राज्य शासनाच्या विभागाचे नावही 'अल्पसंख्याक विकास विभाग' असेच आहे. अनुस्वार दिला की शब्दात 'अंक' शिरतो, 'क्रमांक'मध्ये आहे तसा, आणि अर्थ होतो 'लहान संख्येचा आकडा'. समाज म्हणजे आकडा नव्हे. 'बहुसंख्याक'लाही हाच नियम.

शब्द शुद्ध झाला तरी तो त्या पाड्याला लागू पडतो का? इथे 'अल्पमत' आणि 'अल्पसंख्याक' वेगळे ठेवलेच पाहिजेत. ठराव हरला तो गट अल्पमतात गेला. पुढच्या सभेत तो जिंकू शकतो. अल्पसंख्याक मात्र जन्माने, धर्माने किंवा भाषेने थोडे असतात आणि कितीही सभा भरल्या तरी थोडेच राहतात. डॉ. आंबेडकरांनी ६ मे १९४५ रोजी मुंबईतल्या भाषणात हाच भेद मांडला: राजकीय बहुमत घडवावे लागते, जमातीचे बहुसंख्यत्व जन्माने मिळते. लोकशाहीचा न्याय या भेदावर उभा आहे. बदलू शकणारे अल्पमत पुढच्या मतदानावर सोडता येते. न बदलणाऱ्यांना तसे सोडले तर ते कायमचे हरतात, म्हणून त्यांच्यासाठी काही हक्क साध्या बहुमताच्या हाताबाहेर ठेवावे लागतात. धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढण्याचा व चालवण्याचा अनुच्छेद ३० चा हक्क त्यातलाच.

'अल्पसंख्याक'ची व्याख्या घटनेत नाही. केंद्राच्या यादीत मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी हे १९९३ मध्ये आले, जैन २०१४ मध्ये. अनुच्छेद ३० साठी मोजणीचा घटक राज्य, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ठरवले. यादी धर्मांची आहे, म्हणून आदिवासींना सरसकट 'अल्पसंख्याक' म्हणणे चूक. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे अनुसूचित जमाती सुमारे ६९ टक्के आहेत. त्यांचे संरक्षण 'अनुसूचित जमाती' या वेगळ्या नावाखाली येते: अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर, साक्री, शिरपूर, चोपडा हे विधानसभा मतदारसंघ राखीव आहेत. यावल-रावेरकडचे तडवी भिल्ल धर्माने मुस्लिम, म्हणून अल्पसंख्याक, आणि शिवाय अनुसूचित जमातीतले. दोन वेगळे दर्जे, दोन वेगळे दाखले. राखीव जागेनेही सगळे साधत नाही. राखीव मतदारसंघात आदिवासींमधली मोठी जमात निवडून येत राहिली, तर लहान जमात तिथेही मागेच राहते. व्यवस्थेतली ही खरी उणीव आहे.

जिथे गणित नीट बसवले आहे तिथे न्याय होतो. जळगाव महापालिकेच्या ७५ जागा २०१८ मध्ये ५७, १५ आणि ३ अशा तीन पक्षांत विभागल्या. स्थायी समितीच्या १६ जागा निव्वळ बहुमताने भरल्या असत्या तर सोळाही ५७ वाल्यांकडे जाऊ शकल्या असत्या. 'तौलनिक संख्याबळ', म्हणजे पक्षाच्या जागांच्या प्रमाणात वाटप, लावले की वाटा निघतो १२.१६, ३.२ आणि ०.६४, म्हणजे १२, ३ आणि १. तीन नगरसेवकांच्या गटालाही तिजोरीचा निर्णय होतो तिथे बसायला जागा मिळते. 'तौलनिक संख्याबळ' हा शब्द बातम्यांत 'बहुमत'इतकाच ठळक असायला हवा.

पाड्यापुढे तर आणखी सरळ वाट आहे. १९९६ च्या पेसा कायद्यात, म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्यात, गाव म्हणजे महसुली गावच असे नाही. एक पाडाही गाव ठरू शकतो आणि त्याची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते. राज्याच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे पाड्यातल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी ठराव करून प्रांताधिकाऱ्यांकडे पाठवायचा. छेद पाड्याच्या मतदारांचा आहे, सगळ्या गावाचा नव्हे. मात्र आधी तालुक्यातले आपले गाव अनुसूचित क्षेत्रात आहे का ते पाहावे. शहादा तालुका पूर्ण त्यात येत नाही.

तोवर प्रोसिडिंग असे लिहावे. 'सर्वानुमते' म्हणजे सगळ्यांची संमती, 'एकमताने' म्हणजे मतदान होऊन एकही विरोधी मत न पडणे, 'बिनविरोध' मुख्यतः निवडणुकीसाठी. यांपैकी काहीही नसेल, तर 'बठ्ठा (सगळे) हो म्हटले' या भरवशावर 'सर्वानुमते' लिहू नये. आवाजी मतावर शंका आली की हात वर करायला सांगून मोजावे आणि लिहावे: 'सूचक अमुक, अनुमोदक तमुक. हजर मतदार १४२. बाजूने ८१, विरोधात ४६, तटस्थ १५. ठराव बहुमताने मंजूर. विरोधी मताचे कारण: प्रस्तावित विहीर पाड्यापासून लांब आहे.' हे शेवटचे वाक्य सभा संपण्याआधी लिहून, वाचून दाखवून, मगच सह्या घ्याव्यात.