फिलिपिन्समधल्या तुगाया गावात बघण्यासारखं काय आहे? इलिगनहून एका दिवसात जाऊन येता येईल का?

एका दिवसात होतं. सकाळी लवकर मरावी गाठायचं, तिथून लानाओ तळ्याच्या पश्चिम काठाने मारान्ताव, बालिंदोंग, की तुगाया. पण ‘बघण्यासारखं’ म्हणून बोट दाखवावं असं बाहेर काही नाही. पत्र्याची घरं, मशीद, मागे तळं. सगळं आहे ते घरांच्या आत. एका घरात मालोंगला (कमरेला गुंडाळायचं नळीसारखं शिवलेलं वस्त्र) लावायची लंगकितची नक्षीदार पट्टी विणत असतात, दुसऱ्यात लाकडी पेटीवर शिंपला जडवत असतात, तिसऱ्यात पितळ ओतत असतात.

मी त्या तिसऱ्या घरातच अडकलो. आम्ही ओतारी, कोल्हापुरात आजोबांची भट्टी होती. इथले आजोबा (माझ्या सहकाऱ्याचे मामा) तेच करत होते: मेणाची वस्तू घडवायची, तिला मातीचं लिंपण, ते भाजलं की मेण गळून जातं आणि त्या पोकळीत पितळ. साचा फोडायचा, म्हणजे दुसरी तशीच वस्तू होत नाही. मुशीत मोडकी कुलुपं नि नळ. मी विचारलं, वितळलं कसं कळतं? त्यांनी नुसतं पांढऱ्या धुराकडे बोट केलं. तो जस्ताचा धूर. आमचे आजोबाही त्याच्याकडेच बघत बसायचे, आम्ही पोरं विचारून वैताग आणायचो तरी.

फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. काकांचं लगेच, “बघ, आपल्याकडूनच शिकलेत.” आता त्यांच्या ओकिर नक्षीतल्या सापाला नागा म्हणतात, त्यांच्याकडे रावणाची ‘महाराडिया लावाना’ ही कथा आहे, हे खरंच. पण शब्द समुद्र ओलांडून गेला म्हणून भट्टी काही आपण पाठवली नाही.

आमची कोल्हापूरची भट्टी बंद करताना काका म्हणाले होते, “स्टीलने मारलं.” वीस वर्षं हेच ऐकतोय. स्टील तुगायातही मिळतं हो! तिथली भट्टी चालते कारण मारानाव (लानाओ तळ्याकाठचे स्थानिक मुस्लीम लोक) माणसाला लग्नात, घरात मांडायला, मुलांना वारसा म्हणून द्यायला पितळच लागतं. पर्यटक येवोत न येवोत. आणि आमच्या ताईच्या लग्नात रुखवताला काकांनी काय मांडलं होतं? स्टीलचा डिनर सेट. ओताऱ्याच्या घरात! मी तेव्हाही बोललो होतो, तेव्हा मला गप्प बसवलं.

तर तुम्ही जा, पण दुकान शोधत फिरू नका, घरात बसा. पालापा (तिथलं तोंडीलावणं) वाढतील, तिखट असतं, नाही म्हणू नका.

हो, एक राहिलं. एकटे जाऊ नका. मरावीत २०१७ साली पाच महिने लढाई झाली, आणि बरीच परदेशी सरकारं आजही आपल्या लोकांना या भागात जाऊ नका म्हणतात. माझ्यासोबत तिथल्या घरचा माणूस होता म्हणून निभावलं. ओळखीचा मारानाव नसेल तर बेत रद्द करा. अंगभर कपडे घाला, दारूची बाटली सोबत नको, फोटो विचारून.

आणि लोतोआन, म्हणजे विड्याचा डबा, घेणार असाल तर वाजवून घ्या. मी आणलेला काकांनी बोटाने वाजवला आणि म्हणाले, “तळाला पोकळ राहिलाय.” राहिलाय खरा.