जॅझमधले बुजुर्ग वादक खुल्या मैदानात विशीतल्या पोरांबरोबर का वाजवतात?

तुम्ही एका व्हिडिओत पाहिलंत की ऐंशीच्या घरातला सॅक्सोफोनवादक बागेतल्या स्टेजवर तीन कोवळ्या पोरांना घेऊन वाजवतोय, आणि तुमचा प्रश्न आहे: तोडीस तोड जुने साथीदार सोडून तो यांना का घेतो? दम पुरत नाही म्हणून, की पोरांचं भलं व्हावं म्हणून?

या दोन्हींपेक्षा मोठं कारण वेगळंच आहे. मी न्यू यॉर्कमध्ये उन्हाळी मैफलींना मॉनिटर (वादकांकडे तोंड केलेले स्पीकर) सांभाळतो. म्हणजे स्टेजवर कुणाला काय ऐकू जावं, हे माझ्या हातात असतं. त्यामुळे हा प्रकार मी प्रेक्षकांपेक्षा बराच जवळून पाहिलाय. असा वादक पोरांना घेतो, कारण त्याला मागून काहीतरी अनपेक्षित यायला हवं असतं. चाळीस वर्षं बरोबर वाजवलेला ड्रमर पुढच्या आवर्तनात काय करणार, हे त्याला झोपेतसुद्धा सांगता येतं. बावीस वर्षांच्या पोराचं तसं नाही.

हे नवीन नाही. 1954 च्या फेब्रुवारीत न्यू यॉर्कच्या बर्डलँड क्लबात ड्रमर आर्ट ब्लेकींनी माइकवरूनच सांगून टाकलं होतं की मी तरुणांबरोबरच राहणार, हे म्हातारे झाले की आणखी तरुण आणीन, त्यानं डोकं चालतं राहतं. तेव्हा ते स्वतः 34 वर्षांचे होते! आणि 1990 मध्ये जाईपर्यंत ते बोलल्याप्रमाणे वागले. ट्रंपेटवादक ली मॉर्गन त्यांच्याकडे आला तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होता, दुसरा ट्रंपेटवादक विंटन मार्सालिसनं तर विशीही गाठली नव्हती. सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर 1959 मध्ये त्यांच्याकडे दाखल झाले. पुढे याच शॉर्टरनी सत्तरीकडे झुकल्यावर स्वतःची चौकडी बांधली, तेव्हा ड्रम्सवर ब्रायन ब्लेडला घेतलं. तो त्यांच्याहून जवळजवळ 37 वर्षांनी लहान. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस 1963 च्या जुलैत फ्रान्समध्ये समुद्रकाठी, आंतिबच्या महोत्सवात वाजवायला गेले, तेव्हा त्यांचा ड्रमर टोनी विल्यम्स 17 वर्षांचा होता आणि पियानोवर 23 वर्षांचे हर्बी हॅनकॉक. त्या मैफलीचं रेकॉर्डिंग आहे. माइल्स चालू असताना टोनी मागून जे करतो ते ऐका. त्याला साथ म्हणायला जीभ रेटत नाही. तो ढकलतोय, अडवतोय, मध्येच सगळं काढून घेतोय, आणि माइल्स त्यावर खूश होऊन आणखी वाजवताहेत.

आपल्याकडे शिष्य मागे तानपुऱ्यावर बसतो आणि गुरूनं खूण केली की चार आवर्तनं गातो. जॅझमध्ये स्टेजवर तसा मागेपुढे हिशेब नसतो. पोराला पहिल्या दिवसापासून पूर्ण जागा मिळते. जमलं तर जमलं, नाही तर सगळ्यांदेखत आपटतो. शिकवणं असं जे काही होतं ते तिथेच, वाजता वाजता.

आता मोकळ्या मैदानाबद्दल, कारण तिथे म्हाताऱ्याचं खरं शहाणपण दिसतं. बंद खोलीत भिंती तुमचा सूर तुम्हाला परत देतात. आभाळ काही परत देत नाही. नवख्या वादकाला वाटतं आपला आवाज कुठेच पोचत नाहीये, मग तो जोर लावतो, जास्त सूर भरतो. डबल बास या उंच तंतुवाद्याचा खर्ज तर उघड्यावर विरूनच जातो. त्यात मोठी स्टेजं बांधणारे वादकांना लांब लांब उभे करतात. आवाजाला एक मीटर जायला साधारण 3 मिलिसेकंद लागतात. ड्रम्स आठ मीटरवर असले तर ठोका तुमच्यापर्यंत जवळपास 24 मिलिसेकंद उशिरा येतो, आणि जलद लयीत तेवढ्यानं वाजवणाऱ्याची बैठक मोडते.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये न्यू यॉर्कच्या हार्लेम भागातल्या एका बागेत मी अशाच एका वयस्क टेनर सॅक्सोफोनवादकाचा मॉनिटर करत होतो. साउंडचेकला (मैफलीआधीच्या आवाज-तपासणीला) आल्या आल्या त्यांनी सॅक्स उचललाच नाही. आधी ड्रम्स पुढे ओढायला लावले, मग बास वाजवणाऱ्या मुलीला ड्रम्सच्या अगदी झांजेपाशी उभं केलं. शेवटी स्वतः हात लांब केला तर झांजेला लागेल इतक्या अंतरावर येऊन उभे राहिले. एवढं अवाढव्य स्टेज, आणि चौघं एका सतरंजीवर मावतील असे दाटीवाटीनं. मला म्हणाले, "मॉनिटरमध्ये मला फक्त बास दे, बाकी मी ऐकतो." सॅक्स त्यांनी सावलीत, पांढऱ्या टॉवेलखाली ठेवला होता. कारण साधं आहे: हवा तापली की फुंकवाद्याचा सूर चढतो, एका अंशाला साधारण 3 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). दहा अंशांचा फरक पडला तर अर्ध्या सुराचा जवळजवळ तिसरा हिस्सा झाला. पियानो तर हलत नाही. मग सूर उतरावा म्हणून ते गाण्यागणिक माउथपीस (सॅक्सचा तोंडात धरायचा भाग) कॉर्कवर जरासा बाहेर ओढत, ऊन उतरल्यावर पुन्हा आत सरकवत. शेजारी उभ्या असलेल्या मुलीचं सगळं लक्ष माउथपीस सरकवणाऱ्या त्यांच्या अंगठ्याकडे होतं.

तिसऱ्या गाण्याला वारा सुटला. संथ बॅलड होतं. पियानोवरच्या मुलाचे कागद चिमट्यातून निसटून थेट गवतावर गेले. तो थिजला, चेहरा पांढराफटक. म्हाताऱ्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्यांनी पुढे जायचं थांबवलं आणि धूनेचे पहिलेच चार बार पुन्हा वाजवले. मग तेच तिसऱ्यांदा, दर वेळी शेवटचा सूर थोडा जास्त ताणून. बासवाल्या मुलीनं लगेच ताडलं आणि तीही त्याच चार बारांत राहिली. चौथ्या फेरीला पियानोतून एक स्वरमेळ आला, अगदी हळू, विचारल्यासारखा. बरोबर होता. मग ते पुढच्या ओळीवर गेले, आणि पुढचं अख्खं गाणं त्या मुलानं कागदाविना, कानावर वाजवलं. प्रेक्षकांना वाटलं असणार की गाण्याची सुरुवातच अशी बांधलीय. मी मॉनिटरच्या टेबलामागे होतो, माझ्या अंगावर काटा आला.

त्याच संध्याकाळी त्यांचा दमही कमी होता, हे मी लपवणार नाही. सोलो (एकट्याचं वादन) त्यांनी धूनेच्या दोन पूर्ण आवर्तनांपलीकडे एकदाही नेला नाही. पण त्या दोन आवर्तनांत सोडलेल्या जागा अशा होत्या की ड्रमवाल्या पोराला तिथे काहीतरी करावंच लागत होतं. मैदानात टाळ्या मिळतात त्या जोराला, वेगाला, वरच्या सुरांना, आणि पोरांना त्याचा मोह पडतो. या पोरालाही पडला होता, पहिल्या दोन गाण्यांत तो अखंड बडवत होता. बॅलडनंतर शांत झाला.

म्हणजे उघड्यावर लांब सोलो चालतच नाही असं नाही बरं का. 1956 मध्ये अमेरिकेतल्या न्यूपोर्ट महोत्सवाच्या मैदानात सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्व्हेसनं सलग 27 आवर्तनं वाजवली होती आणि लोक खुर्च्या सोडून नाचायला लागले. पण मागे बँडचे पुढारी, 57 वर्षांचे ड्यूक एलिंग्टन ओरडून ओरडून त्याला चढवत होते. किती वेळ जाऊ द्यायचं, हे पुढाऱ्याच्या कानाला कळावं लागतं.

बाकी व्यवहाराचंही थोडं आहे. जुने साथीदार एकेक करून जातात, जे असतात त्यांना प्रवास झेपत नाही, आणि तरुण नावांमुळे तरुण प्रेक्षक येतात, हे आयोजकही जाणतात. ते खरं आहे, पण निव्वळ तेवढ्यासाठी कुणी साउंडचेकला अर्धा तास ड्रम्स हलवत बसत नाही. मैदानाचा मला स्वतःला वाटणारा सगळ्यात मोठा फायदा निराळा. दारू विकणाऱ्या क्लबांत कमी वयाच्या मुलांची अडचण होते, टोनी विल्यम्सलाही वयापायी क्लबांत त्रास झाला होता. बागेत बारा वर्षांची मुलगी पहिल्या रांगेत मांडी घालून बसू शकते.

तुम्हाला प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर ऑगस्टच्या शेवटी सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या नावानं भरणारा महोत्सव गाठा. तो हार्लेममधल्या मार्कस गार्वी पार्कमध्ये आणि न्यू यॉर्कमधल्याच टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कमध्ये होतो. तिकीट नाही. लवकर जाऊन अगदी पुढे बसा, स्पीकरच्या समोर नको, ड्रम्सच्या बाजूला. तिथे झांजेचा खरा आवाज थेट कानावर येतो. आणि सोलो तरुण वादकाचा चालू असेल तेव्हा नजर म्हाताऱ्यावर ठेवा. तो कुठे उभा राहतो, कधी डोळे मिटतो, कधी एकदम मान वर करतो, ते बघा.