उत्पन्न कायमचं लिहून दिलं

प्रश्न : मी एका सॉफ्टवेअर कंपनीत वरिष्ठ पदावर आहे, वय ५२. विप्रोच्या अझीम प्रेमजींनी जवळपास दीड लाख कोटी दान केले असं नेहमी वाचतो. पण कंपनी तर त्यांच्या कुटुंबाकडेच आहे. मग त्यांनी दिलं म्हणजे नेमकं काय दिलं? हे सीएसआर, म्हणजे कंपनीने सामाजिक कामावर करायचा खर्चच ना? मलाही नोकरी सोडून शिक्षणात काही करायचं आहे. सरकारी शाळांतल्या मुलांसाठी गणिताचं अ‍ॅप डोक्यात आहे. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी हिशेबाचं बोलू. शेत कुणी कसायचं हे आपण ठरवायचं, पण त्यातून येणारं पीक मात्र कायमचं दुसऱ्याच्या नावे लिहून द्यायचं, तसा हा व्यवहार आहे. मार्च २०१९ मध्ये प्रेमजींनी विप्रोच्या आणखी ३४ टक्के शेअरवरचा आर्थिक हक्क सोडला. त्यांची किंमत तेव्हा सुमारे ५२,७५० कोटी रुपये होती. आधीचं धरून एकूण आकडा १,४५,००० कोटींवर गेला आणि विप्रोच्या ६७ टक्के मालकीचा आर्थिक लाभ त्यांच्या अझीम प्रेमजी फाउंडेशन या सेवाभावी संस्थेच्या कामासाठी राखला गेला. कंपनीची सूत्रं कुटुंबाकडे राहिली हे खरं, पण त्या शेअरचा लाभांश घरी येत नाही. आणि हे परत घेता येत नाही.

सीएसआर वेगळं. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. तो पैसा कंपनीचा, म्हणजे सगळ्या भागधारकांचा. प्रेमजींनी दिला तो स्वतःचा वाटा.

आता तुमच्या नोकरी सोडण्याबद्दल. आधी कमवायचं, मग निवृत्त व्हायचं, मग द्यायचं, असा क्रम तुम्ही मनात धरलेला दिसतो. प्रेमजींचा तसा नव्हता. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला त्यांच्या वडिलांनी १९४५ मध्ये वनस्पती तुपाची कंपनी काढली. (त्याच अमळनेरच्या शाळेत साने गुरुजींनी शिकवलं. खानदेशातल्या माणसाला दोन्ही गोष्टी एका दमात सांगायला आवडतात, मलाही.) १९६६ मध्ये वडील गेले, तेव्हा २१ वर्षांचे अझीम स्टॅनफर्डमधलं शिक्षण अर्धवट सोडून परतले. तुपाच्या कंपनीचं नाव १९७७ मध्ये विप्रो झालं, पुढे संगणक आले, सॉफ्टवेअर आलं. फाउंडेशन २००० च्या सुमारास सुरू झालं. २०१० मध्ये त्यांनी ८,८४६ कोटींचे शेअर दिले, २०१३ मध्ये आणखी. विप्रोच्या अध्यक्षपदावरून ते उतरले जुलै २०१९ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी. म्हणजे जवळजवळ दोन दशकं कंपनी आणि शाळा दोन्ही बरोबर चालू होत्या. त्यांच्या आई गुलबानू डॉक्टर होत्या. मुंबईत लहान मुलांच्या अस्थिव्यंगाच्या रुग्णालयासाठी त्यांनी अनेक वर्षं काम केलं. आपल्यावर सर्वांत मोठा प्रभाव आईचा, असं प्रेमजींनीच लिहिलं आहे.

मला त्या आकड्यापेक्षा पैसा गेला कुठे हे महत्त्वाचं वाटतं. त्यांनी मुख्य भर दिला सरकारी शाळांतल्या शिक्षकांवर. शाळा सुटल्यावर संध्याकाळी शिक्षकांना एकत्र बसता येईल, वाचता येईल, अशी केंद्रं काढली. हे काम फोटोत दिसत नाही, फळ यायला वर्षं लागतात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं. एकदा एका कंपनीने आम्हाला दहा संगणक दिले. फीत कापली, पेढे वाटले. त्या खोलीत वीजजोडणीच नव्हती. खोकी तशीच राहिली, पुढच्या पावसाळ्यात खालची दोन भिजली. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण येण्यापूर्वी त्यांच्यापैकी एकानेही शाळेत पाऊल ठेवलं नव्हतं.

आणि गणिताचं म्हणाल, तर तिसरीतला एक मुलगा ५२ वजा २७ चं उत्तर सारखं ३५ लिहायचा. मी कितीतरी दिवस लाल फुली मारत होते. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत एका सहकाऱ्याने विचारलं, "बाई, त्याला विचारलंत का, कसं केलंस म्हणून?" नव्हतं विचारलं. दुसऱ्या दिवशी जवळ बसवून विचारलं. तो म्हणाला, "सातातून दोन गेले पाच. पाचातून दोन गेले तीन. तुम्हीच सांगितलंत ना, मोठ्यातून लहान वजा करायचं." माझंच वाक्य होतं ते, पहिलीत शिकवलेलं. मग काड्यांचे गठ्ठे घेतले, दहाचा एक गठ्ठा सोडवून बारा सुट्या काड्या केल्या, तेव्हा त्याला पटलं. तुमचं अ‍ॅप त्या ३५ ला चूक म्हणेल, पुढचं गणित देईल. त्या मुलाला "कसं केलंस" हे कोण विचारणार, याचं उत्तर आधी शोधा.

म्हणून राजीनामा इतक्यात देऊ नका. साठलेली रजा असेल ती घ्या. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मुख्याध्यापकांना भेटून परवानगी मागा आणि दोन महिने एकाच वर्गात मागच्या रांगेत बसा. लॅपटॉप घरी ठेवा. मुलांच्या वह्या बघा, मधल्या सुट्टीत शिक्षकांशी बोला, त्यांना ऑनलाइन माहिती भरण्यात किती वेळ जातो तेही पाहा. सूचना करू नका, विचारलं तरच बोला. पैसे द्यावेसे वाटले, तर काय हवंय ते त्या शिक्षकांना विचारून द्या, आणि एकदाच मोठी रक्कम देण्याऐवजी दर वर्षी थोडी थोडी पण न चुकता द्या.

ऑगस्टमध्ये मला पुन्हा लिहा. त्या वर्गातल्या निदान पाच मुलांच्या वजाबाकीबद्दल लिहा.