एककांची नावे बदलली, मापे बदलली का?

प्रश्न : जुन्या अभियांत्रिकी पुस्तकांत ‘सायकल्स प्रति सेकंद’, ‘म्हो’, ‘मायक्रॉन’ अशी एकके आढळतात, नव्यांत हर्ट्झ, सीमेन्स, मायक्रोमीटर. आकडे रूपांतरित करावे लागतात का? संक्षेपांत कुठे मोठे, कुठे छोटे रोमन अक्षर का असते?

उत्तर : या तिन्हींत, म्हणजे वारंवारता, विद्युत-संवाहकता आणि लांबी यांच्या एककांत, केवळ नाव बदलले आहे, त्यामुळे आकडा जसाच्या तसा वापरावा. ‘म्हो’ हे नाव ‘ओहम’ या विद्युत-रोधाच्या एककाची रोमन अक्षरे उलटी लिहून बनवले होते आणि खुणेसाठी ओहमची खूण असलेले ग्रीक अक्षर ओमेगाही उलटे करत, कल्पना गमतीची खरी, पण १९७१ साली वजने व मापे यांच्या सर्वसाधारण परिषदेने सीमेन्स आणि दाबासाठी पास्कल ही नावे स्वीकारली. मायक्रॉन १९६७ सालीच रद्द झाला, तरी कारखान्यांतल्या बोलण्यात तो अजून टिकून आहे. दाबाच्या बाबतीत मात्र सावध राहावे, कारण तेथे एककच बदलले आहे : १ किलोग्रॅम-बल प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे ९८.०६६५ किलोपास्कल.

व्यक्तीच्या नावावरून आलेल्या एककाचा संक्षेप मोठ्या अक्षराने सुरू होतो, इतरांचा छोट्या. म्हणून मोठा ‘एस’ सीमेन्सचा आणि छोटा सेकंदाचा. त्यांची अदलाबदल ही निव्वळ लेखनाची चूक राहत नाही, अर्थच बदलतो. लिटरला अपवाद आहे : छोटा ‘एल’ एकच्या अंकासारखा दिसत असल्याने १९७९ पासून मोठ्या ‘एल’लाही मान्यता मिळाली.