रील कुणासाठी, सही कुणाची? : उद्योजकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळच्या पत्रांत लहान कारखानदार जास्त आहेत. बहुतेकांनी प्रश्न 'मार्केटिंगचा' किंवा 'सॉफ्टवेअरचा' म्हणून पाठवलाय, पण वाचताना जाणवतं की खरी भानगड निर्णय कुणी घ्यायचा इथेच आहे. उत्तरं त्या अंगानं दिली आहेत. नावं छापलेली नाहीत, गावं तेवढी ठेवली आहेत.

प्रश्न : चार व्हीएमसी आणि दोन सीएनसी मशिनचं (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या यंत्रांचं) युनिट आहे. वाहन उद्योगाला सुटे भाग देतो, गिऱ्हाइकं दोनच. मुलगा म्हणतो इन्स्टाग्रामवर रील टाकू. एजन्सीनं महिना पंचवीस हजार सांगितलेत. करावं का? (भोसरी)

आत्ता तरी नको. तुमचा माल घेणारा इंजिनिअर रील बघत नाही असं नाही; पण रील बघून कुणी व्हेंडर कोड (पुरवठादार म्हणून नोंद) उघडून देत नाही. हा माणूस माझा टॉलरन्स (मापात चालेल तेवढाच फरक) धरेल का, रिजेक्शन निघालं तर उद्या मीटिंगमध्ये मला उभं करेल का, एवढंच त्याला कळायला हवं असतं.

लहान युनिटांच्या कंपनी प्रोफाइल मी खूप पाहतो. पहिल्या पानावर संस्थापकांचा हार घातलेला फोटो, दुसऱ्यावर 'गुणवत्ता हेच आमचे ब्रीद', आणि मशिनची यादी पार मागे कुठेतरी. हे उलटं करा. पहिल्याच पानावर मशिन कुठल्या मेकचं, कुठल्या वर्षीचं, टेबल केवढं, जास्तीत जास्त केवढा जॉब बसतो ते लिहा. कुठलं मटेरियल रोज कापता आणि कुठलं कधीतरी, हेही लिहा. एखाद्या अवघड जॉबचा सीएमएम रिपोर्ट (यंत्रावर घेतलेल्या अचूक मापांचा अहवाल) जोडा. गूगल मॅपवर ब्लॉक, प्लॉट आणि गाळा नंबर नीट टाका. ऑडिटला येणारा माणूस एमआयडीसीत अर्धा तास फिरून तुमच्या दारात पोचला, की त्याचं मत आधीच झालेलं असतं.

मार्केटिंग म्हणजे जाहिरात हे समीकरण आपल्याकडे अलीकडचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. ती समजूत पत्रकं वाटून जाणारी नव्हती. नांगर शेतात चालतो हे दिसावं लागलं. पुढे कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. कारखान्याचं घरचं पत्रक म्हणून सुरू झालेलं ते पुढे महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक झालं, १९३० साली त्याच घरातून 'स्त्री' निघालं. हल्ली 'कंटेंट' या नावाखाली ज्याची बिलं लागतात ते काम या मंडळींनी नांगर-पंपाच्या धंद्यातून केलं, पण आधी नांगर चालवून दाखवला, मग मासिक.

तुमचं खरं दुखणं गिऱ्हाइकं दोनच असण्याचं आहे. मुलाला उत्साह आहे तर त्याला तिसरं गिऱ्हाईक आणायचं काम पूर्णपणे सोपवा. त्याला व्हिडिओच करायचा असेल तर अवघड सेटिंगचा, फिक्स्चरचा (जॉब घट्ट धरणाऱ्या साधनाचा) चाळीस सेकंदांचा करून थेट सोर्सिंगवाल्याला पाठवू दे. एक सांभाळा : सध्याच्या गिऱ्हाइकाचा पार्ट किंवा ड्रॉइंग त्यात दिसता कामा नये. गोपनीयतेचा करार सही करून आपण ड्रॉवरमध्ये टाकतो आणि विसरतो. गिऱ्हाईक विसरत नाही.

प्रश्न : शेती अवजारांचा तीस वर्षांचा घरचा धंदा. इंजिनिअर होऊन चार वर्षांपूर्वी मी त्यात आलो. कामगारांना काही सांगितलं की 'दादांना विचारतो' म्हणतात. वडील सगळ्यांसमोर माझा निर्णय फिरवतात. (सांगली)

कामगारांचं काही चुकत नाही. चेकवर सही कुणाची असते हे त्यांना पक्कं माहीत आहे.

'मला अधिकार द्या' असं मोघम मागू नका, ते कुठलेही वडील देत नाहीत. एक खातं मागा. समजा, सुट्या भागांची विक्री आणि सर्व्हिसिंग. त्यात अमुक रकमेपर्यंतची खरेदी, माणसं ठेवणं-काढणं, दर ठरवणं तुमच्याकडे. त्यापुढची रक्कम दादांकडे. हे कागदावर लिहा, दोघांनी सह्या करा आणि फोरमनला वडिलांच्याच तोंडून सांगू द्या. फोरमनला ते तुमच्याकडून कळलं तर त्याला किंमत नाही.

दुसरं, पगार घ्या. घरच्या धंद्यात आलेली बरीच मुलं गल्ल्यातून लागेल तसे पैसे उचलतात आणि मग मत मांडताना आवाज खाली जातो. ठरलेला पगार बँकेत जमा झाला की निदान महिन्यातून एकदा तरी सगळ्यांना कळतं की तुम्ही इथे काम करता.

आता वडिलांच्या बाजूनं. त्यांना बहुधा तुमच्या हुशारीची भीती नाही, उधारीची आहे. कुठल्या शेतकऱ्याचे पैसे उसाचं बिल आल्यावर येतात, कुणाचे द्राक्षाचा व्यापारी गावात उतरल्यावर, आणि कोण तिन्ही भावांत बोट दाखवत वर्ष घालवतो, हे त्यांच्या डोक्यात आहे. टॅलीत फक्त बाकी दिसते, माणूस दिसत नाही. रोज संध्याकाळी अर्धा तास त्यांच्याजवळ बसा आणि एकेक खातं उघडून ते काय सांगतात ते लिहून घ्या. हे काम आदरापोटी करा म्हणत नाही. तुमच्या धंद्याची सगळ्यात महाग माहिती सध्या एकाच माणसाकडे आहे आणि तिची प्रत नाही, म्हणून करा. या बैठकांत दोघांचं बोलणं आपोआप सुरू होतं, हा वरचा फायदा.

निर्णय फिरवायचा असेल तर केबिनमध्ये, दार लावून, एवढी एक अट त्यांना घाला. जेवताना नको, आईला त्यात पंच करू नका.

आणि एक कोरडी गोष्ट : फर्म कुठल्या प्रकारची आहे ते बघा. वडिलांच्या एकट्याच्या मालकीची असेल तर कायद्याच्या नजरेत फर्म आणि वडील एकच. जीएसटी नंबर, बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा, कंपनीची डीलरशिप, सगळं त्यांच्या नावाला बांधलेलं. तुम्हाला भागीदार करून घ्यायचं की कंपनी काढायची, हे सीएकडे दोघांनी मिळून जाऊन ठरवा. हा विषय काढायला अवघड वाटतो, पण कागद सीएच्या टेबलावर असला की तो भावनेचा राहत नाही.

प्रश्न : फाउंड्रीसाठी (ओतीव कामाच्या कारखान्यासाठी) ईआरपी, म्हणजे सगळ्या खात्यांचा हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, घेऊन दीड वर्ष झालं. स्टोअरवाले अजून वहीच लिहितात, रात्री एक मुलगा वहीतलं कॉम्प्युटरमध्ये भरतो. माणसं बदलावीत की सॉफ्टवेअर? (कोल्हापूर)

आधी ती वही वाचा. अशाच एका फाउंड्रीत मी स्टोअरची वही उघडून बघितली होती. आवक लिहिली होती, वजन होतं, गाडी नंबर होता आणि शेवटी बारीक अक्षरात 'स्क्रॅप ओलं, बाजूला टाकलं'. ओलं स्क्रॅप भट्टीत गेलं तर पाण्याची वाफ होऊन वितळलेलं लोखंड बाहेर उडतं, माणूस भाजतो. त्या चार शब्दांना सॉफ्टवेअरमध्ये रकानाच नव्हता. मग स्टोअरकीपरनं वही का सोडावी? वहीत जे आहे आणि स्क्रीनवर नाही त्याची यादी करा, सॉफ्टवेअरवाल्याला बोलवा आणि ते रकाने घालून घ्या. तो 'कस्टमायझेशनचे वेगळे पैसे' म्हणेल. द्या, घासाघीस करून.

वहीचं दुसरं कारण तुम्ही स्वतः आहात. सकाळी फोन करून 'पिग आयर्न किती आहे रे?' असं विचारता ना? तो वही बघून सांगतो, तुम्ही ऐकता. जोवर फोनवर उत्तर मिळतंय तोवर स्क्रीन भरायची गरज कुणालाच नाही, तुम्हालाही. एका तारखेपासून ठरवा : आकडा स्क्रीनवर नसेल तर माल आलेला नाही, आणि आलेला नाही तर सप्लायरचं बिल पास होणार नाही. पहिले आठ-दहा दिवस बोंबाबोंब होईल. सप्लायरच स्टोअरमध्ये येऊन उभे राहतील आणि एंट्री करून घेतील.

सगळे मॉड्यूल एकदम चालवू नका. आवक आणि हीट नंबरनुसार (भट्टीच्या प्रत्येक वितळणीच्या क्रमांकानुसार) रिजेक्शन, एवढंच आधी. कुठल्या हीटचं कास्टिंग कुठल्या कारणानं फेकलं हे महिनाभर खरं लिहिलं गेलं, तर सॉफ्टवेअरचे पैसे कुठून निघणार ते तुमचं तुम्हालाच दिसेल. माणसं बदलायचा विषय त्यानंतरचा.

प्रश्न : घरी कोकम आगळ, आंबावडी, फणसपोळी करते. इन्स्टाग्रामवर अकरा हजार फॉलोअर्स आहेत, पण ऑर्डरी त्याच पन्नास-साठ घरांच्या. जाहिरातीवर पैसे घालू का? (देवगड)

ताई, ती पन्नास-साठ घरं हाच तुमचा धंदा आहे. अकरा हजारांतल्या बऱ्याच जणांना आगळ आणि कोकम सरबतातला फरकही माहीत नसेल. सरबत समजून आगळ ग्लासात ओतणाऱ्याला ते खारट लागणार आणि तो खाली तसंच लिहिणार. बाटलीवर 'सोलकढीसाठी, मीठ घातलेलं' हे ठळक छापा.

त्या घरांना विचारा, वर्षात केव्हा लागतं? उन्हाळ्यात सोलकढी, गणपतीत गावी आलेले चाकरमानी परतताना न्यायला, दिवाळीत मुंबई-पुण्याला भेट म्हणून. तीन वेळा आठवण करायची, बाकी वेळ गप्प. त्यासाठी व्हॉट्सॲप बिझनेसची ब्रॉडकास्ट यादी पुरे आहे, पण ज्यानं तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच तो निरोप पोचतो. हे माहीत नसल्यामुळे बायका निरोप पाठवत राहतात आणि 'कुणी उत्तर देत नाही' म्हणून खट्टू होतात. पार्सलमध्ये चिठ्ठी टाका : हा नंबर सेव्ह करा, पुढच्या हंगामाची खबर याच्यावर येईल. प्रत्येक घराला एकच विनंती करा, आणखी एक घर सांगा.

जाहिरातीचे पैसे आधी नावावर घाला. स्वतःच्या नावानं ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षं चालते. 'कोकण' आणि 'फ्रेश' असले शब्द जोडून नाव घेऊ नका, ते कुणाचंच होत नाही. 'हापूस'ची गोष्ट वेगळी. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर येतात. तुम्ही देवगडच्या, म्हणजे हद्दीतल्या. तरी ते चिन्ह लेबलवर वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद व्हावी लागते. आंबा स्वतःच्या बागेतला असेल तर ती करून घ्या.

प्रश्न : एआय शिकलो नाही तर धंदा बंद पडेल असं प्रत्येक सेमिनारमध्ये सांगतात. खरं का? (नाशिक)

सेमिनार बंद पडेल. इंग्रजी मेलचा मसुदा, शंभर पानी टेंडरमधल्या अटींची छाननी, मशिनच्या मॅन्युअलचा मराठीत सारांश, एवढ्यासाठी आजपासून वापरा, वेळ वाचतो. टेंडरची अनामत रक्कम आणि तारीख मात्र मूळ पानावर स्वतः बघा, ही यंत्रं चुकीचा आकडाही ठामपणे सांगतात. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग किंवा दरपत्रक त्यात टाकू नका.

प्रश्न : मोठी कंपनी एकशेवीस दिवसांनी पैसे देते. आम्ही उद्यम नोंदणी केलेलं लघुउद्योग युनिट आहोत. कायदा दाखवला तर काम जाईल, नाही दाखवला तर पगार थांबतात. (वाळूज)

कायदा तुमच्या बाजूनं आहे आणि तो जुना आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग) विकास कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पलीकडे पैसे अडवता येत नाहीत. करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज. आजवर हे व्याज मागायची हिंमत कुणी फारशी करत नव्हतं, कारण भांडण थेट गिऱ्हाइकाशी होतं.

२०२३ च्या वित्त कायद्यानं डाव बदलला. आयकरातल्या ४३बी(एच) या नावानं ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीनं असं झालं की सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर त्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी धरता येतो. म्हणजे मार्चअखेर तुमची मुदत उलटलेली बाकी राहिली तर त्यांचा कर वाढतो. ही तरतूद मध्यम उद्योगांना आणि नुसत्या व्यापाऱ्यांना नाही. तुम्ही उत्पादक आहात, तुम्हाला आहे.

तेव्हा खरेदी खात्याशी हुज्जत घालू नका. त्या माणसाला स्वस्त माल हवा असतो, पैसे केव्हा निघाले याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. अकाउंट्सकडे जा. प्रत्येक बिलावर उद्यम नंबर आणि 'लघुउद्योग, उत्पादक' असं छापा. जानेवारीत त्यांच्या अकाउंट्सला साधा मेल करा : आमच्या थकीत बिलांची यादी सोबत, आमचं उद्यम प्रमाणपत्र सोबत, आपल्या वर्षअखेरच्या हिशेबासाठी. धमकीचा एक शब्दही नको. त्यांचा ऑडिटर बाकीचं बोलेल.

मधल्या काळासाठी ट्रेड्स या बिलं वटवायच्या ऑनलाइन मंचावर या. तिथे कंपनीनं मान्य केलेलं बिल बँका बोली लावून सवलतीनं विकत घेतात, आणि कंपनीनं पुढे पैसे बुडवले तरी बँक तुमच्या मागे लागत नाही. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. तुमची कंपनी तिथे आहे का ते आधी बघा. असेल तर पुढच्या ऑर्डरच्या दराबरोबर हाही मुद्दा मांडा : दर हाच, पण बिल ट्रेड्सवर आठ दिवसांत मान्य करा. एवढंही नाही म्हणाले, तर एकशेवीस दिवसांचं व्याज दरात धरून कोटेशन द्या.